मधली सुट्टी तिची तिला परत द्या

पत्र : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला जन्मतः स्पायना बिफिडा (पाठीचा कणा जन्माआधी नीट बंद न होण्याचा विकार, ज्यात पाय, लघवी आणि शौच यांवरचा ताबा कमी राहतो) असून कमरेच्या खालच्या भागातील मणक्यांजवळची उघडी जागा जन्मानंतर लगेच शस्त्रक्रियेने बंद केली होती. डोक्यात साठणाऱ्या पाण्यासाठी शंट, म्हणजे ते पाणी दुसरीकडे वळवणारी बारीक नळी, बसवलेला आहे. ती कॅलिपर (पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या) घालून कुबड्यांच्या आधाराने चालते. शाळेतही तिने चालतच राहावे असा आमचा आग्रह असतो, व्हीलचेअर फक्त लांब जायचे असले की काढतो. लघवीसाठी कॅथेटर (मूत्राशय रिकामे करायची नळी) लागतो, म्हणून मी रोज मधल्या सुट्टीत शाळेत जाते. अभ्यासात ती बरी आहे, बोलायला तर फार हुशार आहे, पण तिला एकही जवळची मैत्रीण नाही. खेळाच्या तासाला ती वाचनालयात बसते. आता शाळेची दोन रात्रींची सहल निघते आहे आणि ती एवढेच म्हणते, "मला नाही जायचं." ती रोज शाळेत जाते, पण ती शाळेत असते असे मला वाटत नाही. तिला मुलांमध्ये मिसळायला कसे लावू? सहलीचा हट्ट धरावा का? — एक आई

सप्रेम नमस्कार.

"ती रोज शाळेत जाते, पण ती शाळेत असते असे मला वाटत नाही," हे तुमचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. अपंगत्व असलेल्या मुलांसोबत काम करणारे तज्ज्ञही हाच फरक करतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली आरोग्य आणि अपंगत्व यांची जी वर्गवारी स्वीकारली, तिच्यात शरीराची स्थिती, व्यक्तीला स्वतःला करता येणाऱ्या कृती आणि रोजच्या आयुष्यातला सहभाग अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या आहेत. त्यानंतरच्या अभ्यासकांनी सहभागाचेही दोन भाग पाडले : एखाद्या ठिकाणी हजर असणे आणि तिथे मन गुंतलेले असणे. पहिला भाग हजेरीपटावर दिसतो. दुसरा दिसायला आईचेच डोळे लागतात, आणि तुमच्या डोळ्यांनी तो अचूक टिपला आहे.

आता माझे मत आधीच स्पष्टपणे सांगते, म्हणजे पुढचे सारे त्याच्या अनुषंगाने वाचता येईल. तुमच्या लेकीच्या आणि इतर मुलांच्या मध्ये तिचे पाय जेवढे येतात, त्याहून कितीतरी जास्त लघवीचे वेळापत्रक आणि तिच्या शेजारी सतत असणारे मोठे माणूस येते. स्पायना बिफिडा असलेल्या मुलांच्या सहभागाविषयी जे अभ्यास झाले आहेत, त्यांतूनही एकट्या चालण्याच्या क्षमतेवरून मुलाचे सामाजिक आयुष्य ठरत नाही असेच दिसते. चांगले चालणारे मूल एकटे पडलेले आढळते आणि पूर्णवेळ व्हीलचेअर वापरणारे मूल मित्रांच्या घोळक्यात आढळते. या मुलांचा फावला वेळ बहुतेक घरात, घरच्यांबरोबर आणि बसून करायच्या गोष्टींत जातो, आणि किशोरवयात ही दरी अधिक ठळक होते, कारण त्या वयात मुलांचे जग मोठ्यांच्या नजरेआड सरकते आणि जे मूल मोठ्यांच्या नजरेआड जाऊ शकत नाही ते मागे राहते. तुमची लेक नेमक्या त्या उंबरठ्यावर उभी आहे.

म्हणून सुरुवात मधल्या सुट्टीपासून करू. शाळेच्या साऱ्या दिवसात मुलांना आपसात मोकळेपणाने बोलायला मिळणारा तो एकच वेळ असतो. वर्गात बाई बोलतात, येता-जाता घाई असते. कोण कोणाशेजारी डबा खाणार, कोणाची कोणाशी कट्टी आहे, उद्या काय करायचे ठरले, हे सगळे मधल्या सुट्टीत घडते. आणि बरोबर त्याच वेळी तुम्ही येता, ती तुमच्याबरोबर जाते, आणि परत येते तेव्हा घंटा झालेली असते. तुम्ही हे प्रेमाने आणि नाइलाजाने केले आहे, त्यात दोष काढण्याजोगे काही नाही. तिची मूत्रपिंडे आज चांगली असतील तर ती तुम्ही वर्षानुवर्षे पाळलेल्या या वेळापत्रकामुळेच आहेत. परंतु बाराव्या वर्षी हे काम तिच्या हाती जायला हवे, आणि ते जाऊ शकते.

दर काही तासांनी कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे करण्याची ही साधी, स्वच्छ पद्धत अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 साली मांडली. त्याआधी असे समजले जाई की प्रत्येक वेळी शस्त्रक्रियागृहाइतके निर्जंतुक वातावरण हवे. लॅपिडिस यांचे म्हणणे असे होते की संसर्गाचे मोठे कारण मूत्राशय ताणून भरलेले राहणे हे आहे. ते वेळेवर रिकामे झाले, तर साबणाने स्वच्छ धुतलेले हात पुरतात. हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण बहुतेक आयांच्या मनात "माझ्याइतके स्वच्छ तिला जमणार नाही" ही भीती घर करून असते. तिला तुमच्याइतके नीटनेटके जमण्याची गरज नाही. हात धुवून, वेळेवर आणि पूर्ण रिकामे होईपर्यंत करणे तिला जमले पाहिजे. अनेक मुले प्राथमिक शाळेच्या वयातच हे शिकतात.

शिकवायचे कसे, याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. मुलींना मूत्रमार्गाचे तोंड दिसत नाही, म्हणून आरंभी आरसा लागतो. घरी पलंगावर पाय पसरून, उजेडात, घाई नसलेल्या वेळी सुरुवात करावी. आरशात पाहून जागा ओळखता आली की बोटाच्या स्पर्शाने ती शोधायची सवय लावावी, कारण शाळेच्या स्वच्छतागृहात आरसा कुठे टेकवायचा हा प्रश्न उभा राहतो. पुढची पायरी कमोडवर बसून करण्याची. त्यानंतरची, अनेकांच्या लक्षात न येणारी पायरी कपड्यांची : कॅलिपर घातलेले असताना कपडे खाली-वर करणे हेच कित्येकदा कॅथेटर घालण्यापेक्षा अधिक वेळखाऊ ठरते. बाजूने पूर्ण उघडणारी वेल्क्रोची किंवा लांब चेनची सोय असलेले कपडे शिवून घेतले, तर तिची पाच-सात मिनिटे वाचतात, आणि मधल्या सुट्टीत पाच-सात मिनिटांना फार मोल असते. हायड्रोसेफॅलस, म्हणजे डोक्यात पाणी साठण्याचा त्रास, असलेल्या अनेक मुलांच्या हातांची बारीक हालचाल थोडी संथ असते, म्हणून तिला इतरांपेक्षा जास्त आठवडे लागले तर ते तिच्या आळसाचे लक्षण समजू नये. तुमच्या रुग्णालयातील परिचारिका किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे स्वतः करायला शिकवणारे तज्ज्ञ) यांच्याकडून पहिले धडे मिळाले तर उत्तम. आईपेक्षा परक्या माणसाकडून काही मुली हे लवकर शिकतात.

शाळेकडून तीन गोष्टी मागाव्या लागतील : दार आतून बंद होणारे आणि व्हीलचेअर आत वळू शकेल असे एक स्वच्छतागृह, तिथे साहित्य ठेवायला कुलपाचा छोटा कप्पा, आणि मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटे आधी वर्गाबाहेर जाण्याची कायमची परवानगी. ही शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. कॅथेटरचे काम तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत झाले, की घंटा होते तेव्हा ती इतर मुलींबरोबरच मोकळी असते. रोज हात वर करून विचारावे लागू नये, कारण बारा वर्षांची मुलगी रोज विचारणार नाही. ती कमी पाणी पिऊ लागेल, वेळ चुकवेल, आणि त्याचे परिणाम मूत्रपिंडांना भोगावे लागतील. शौचाचे वेळापत्रकही याच दृष्टीने एकदा तपासून घ्यावे. जेवणानंतर आतड्यांची हालचाल स्वाभाविकपणे वाढते, त्या वेळेचा उपयोग करून संध्याकाळी ठरावीक वेळी कमोडवर बसणे, आणि तेवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एनिमा किंवा पाण्याने आतडे धुण्याची पद्धत वापरणे, यामुळे शाळेचा दिवस बिनधास्त जाऊ शकतो. वास येईल का, कपडे खराब होतील का, ही धास्ती मनात घेऊन कोणीही मैत्रिणीच्या शेजारी मोकळेपणाने बसू शकत नाही. तिच्या एकटेपणाचा किती भाग या धास्तीने व्यापला आहे, हे तिला एकदा शांतपणे विचारून पाहा. तुम्ही पत्रात त्याविषयी काही लिहिलेले नाही, आणि तिनेही कदाचित कधी सांगितलेले नसेल.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. या मुलांच्या शरीराला जन्मापासून अनेक मोठ्या माणसांनी हात लावलेला असतो, तोही बहुधा न विचारता. त्यामुळे आपल्या शरीराला कोणी, कधी आणि कशासाठी हात लावावा हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे, ही जाणीव त्यांच्यात उशिरा येते किंवा अस्पष्ट राहते. स्वतः कॅथेटर घालता येणे म्हणजे तो अधिकार प्रत्यक्ष हाती येणे होय. हायड्रोसेफॅलस असलेल्या मुलींमध्ये वयात येणे बरेचदा लवकर सुरू होते. तिची पाळी सुरू झाली नसेल तर त्याबद्दल आताच बोला, आणि सुरू झाली असेल तर पाळीच्या दिवसांतले कॅथेटरचे आणि पॅडचे तंत्र वेगळे शिकवा.

आता "मला नाही जायचं" या उत्तराकडे येऊ. त्यात खरी अनिच्छा असू शकते, आणि तिचा आदर करावाच लागेल. परंतु त्यामागे आणखी दोन गोष्टी असण्याची शक्यता आहे. पहिली म्हणजे भीती : रात्री अंथरूण ओले झाले तर, स्वच्छतागृह कसे असेल, मला उचलून न्यावे लागेल का. दुसरी गोष्ट पालकांना क्वचितच कोणी समजावून सांगते. ज्या मुलांना स्पायना बिफिडाबरोबर हायड्रोसेफॅलस आहे, त्यांच्यापैकी अनेकांची बुद्धी सर्वसाधारण असते, शब्दसंपत्ती चांगली असते, मोठ्यांशी गप्पा मारणे तर फारच छान जमते. पण एखादी गोष्ट आपणहून सुरू करणे, पायऱ्यांची आखणी करणे, वेळेचा अंदाज घेणे आणि लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणे त्यांना कठीण जाते. याचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे. अशा मुलाला "जा ना, खेळ जाऊन" असे म्हटले की ते जागेवरच बसून राहते आणि आपल्याला वाटते की त्याला इच्छाच नाही. प्रत्यक्षात पहिले पाऊल कोणते टाकायचे हेच त्याला सुचत नसते.

तिचे बोलणे हुशारीचे आहे असे तुम्ही लिहिले आहे, आणि ते खरेच असणार. मात्र अस्खलित बोलणाऱ्या या मुलांच्या बाबतीत समोरच्याच्या बोलण्याचा गाभा, चेष्टेतली खोच किंवा विषय बदलल्याची खूण कधीकधी निसटते. मोठी माणसे हे सांभाळून घेतात, संभाषण तिच्यासाठी वळवतात. बारा वर्षांच्या मुली तसे करत नाहीत. त्या पुढे निघून जातात. म्हणून "मिसळ" असे सांगण्याऐवजी एक नेमकी, छोटी, सुरुवात आणि शेवट असलेली गोष्ट ठरवून द्यावी. समजा, तिला चित्रे काढायला आवडतात. मग वर्गातल्या दोन मुलींबरोबर मिळून एक फलक तयार करायचा, सामान कोण आणणार आणि कोणत्या दिवशी बसायचे हे आधी ठरवायचे, आणि पहिले वाक्य काय बोलायचे याचा घरी सरावही करायचा. दोघी-तिघींचा गट या मुलांना मोठ्या घोळक्यापेक्षा खूप सोपा जातो, आणि हातात काही काम असले की शब्दांवरचा भार हलका होतो. मनगटावर थरथरणारे घड्याळ, आरशाजवळ चिकटवलेली पायऱ्यांची चित्रे, वहीच्या मुखपृष्ठाच्या आत लिहिलेला दिवसाचा क्रम, ही साधने लहान मुलांची म्हणून बाजूला टाकू नका. तुमचा आवाज जी आठवण करून देतो, ती आठवण घड्याळ करून देऊ लागले, तर तुम्ही तिथे असण्याची गरज तेवढी कमी होते.

खेळाच्या तासाला वाचनालयात बसवणे मला मुळीच मान्य नाही, आणि हे शाळेला तुम्ही ठामपणे सांगावे. बहुतेक शिक्षक हे काळजीपोटी करतात, मूल पडेल, लागेल, शंटला धक्का बसेल या भीतीने. त्यांना तुमच्या डॉक्टरांचे एक पत्र आणून द्या, ज्यात काय चालेल आणि काय टाळावे हे स्पष्ट लिहिलेले असेल. शंट असलेल्या बहुतेक मुलांना बहुतेक खेळ खेळता येतात. डोक्याला जोराचा मार बसू शकेल अशा खेळांपुरता विचार करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत अपंगत्व असलेल्या पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठीही दिवसाला सरासरी साठ मिनिटांच्या मध्यम ते जोरदार हालचालीची शिफारस आहे. पाय कमी वापरले जात असल्याने या मुलांच्या शरीरात ऊर्जा कमी खर्च होते आणि किशोरवयात वजन झपाट्याने वाढते, म्हणून त्यांना खेळाची गरज इतरांपेक्षा अधिकच असते. ब्रिटनच्या टॅनी ग्रे-थॉम्पसन यांना जन्मतः स्पायना बिफिडा आहे, आणि त्यांनी व्हीलचेअर शर्यतींत पॅरालिंपिकची 11 सुवर्णपदके मिळवली. अमेरिकेच्या जीन ड्रिस्कॉल यांनाही तोच आजार. त्या बोस्टन मॅरेथॉनच्या महिला व्हीलचेअर गटात 8 वेळा जिंकल्या. तुमच्या लेकीने पदके आणावीत म्हणून ही नावे मी सांगत नाही. खेळाच्या शिक्षकांच्या मनात "या आजारात खेळ नाही" असे जे ठसलेले असते, ते पुसायला ही नावे उपयोगी पडतात.

एक सावधगिरीची सूचना. शाळा उत्साहाने पुढे आली, की तिला गुण लिहायचे किंवा शिट्टी वाजवायचे काम देते. एखादे दिवशी ते ठीक आहे. दर आठवड्याला तेच असेल, तर ती मैदानाच्या कडेला बसवलेली मुलगीच राहते, फक्त हातात कागद असतो. खेळाचा नियम बदलून घ्यावा : सगळ्यांनी बसून खेळायचा चेंडूचा खेळ, नेमबाजी, टेबल टेनिस, व्हीलचेअरवरून भाग घेता येईल अशी जोडीची शर्यत. पोहणे फार उत्तम, मात्र तलावाच्या खडबडीत फरशीने पाय सोलवटतात आणि या आजारात पायांना संवेदना कमी असल्याने ते तिला कळत नाही, म्हणून पाण्यात घालायचे मऊ बूट आवश्यक आहेत. कोणत्याही खेळानंतर पायांकडे आणि बसायच्या जागेच्या त्वचेकडे पाहणे ही तिची स्वतःची सवय व्हायला हवी, हातात आरसा घेऊन, रोज रात्री. पाय सुजलेला, लाल आणि गरम दिसला, तर दुखत नसले तरी हाड मोडलेले असू शकते, हेही तिला माहीत असू द्या.

इथेच चालण्याच्या आग्रहाविषयी बोलते. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. कॅलिपरवर चालायला लावण्यासाठी तुम्ही दोघांनी किती वर्षे झटून काम केले असेल हे मी जाणते, आणि उभे राहणे, चालणे यांचे फायदे आहेतच. पण शरीर वाढत जाते, वजन वाढते, आणि त्याच अंतरासाठी दरवर्षी अधिक शक्ती खर्च होते. स्पायना बिफिडा असलेली कितीतरी मुले किशोरवयात लांब अंतरासाठी व्हीलचेअर निवडतात, कारण वर्गात पोहोचेपर्यंत दमून गेलेले मूल ना अभ्यासात लक्ष देऊ शकते ना गप्पांत. दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले असताना डबा धरता येत नाही, मैत्रिणीच्या हातातली वही घेऊन पाहता येत नाही, घोळक्याच्या वेगाने पुढे जाता येत नाही. घरी आणि फिजिओथेरपीच्या वेळी चालणे चालू ठेवा, आणि शाळेत तिला हलकी, तिच्या मापाची, तिने स्वतः चालवायची व्हीलचेअर द्या. मागून कोणी ढकलण्याची खुर्ची नको. कुठे काय वापरायचे हे तिला ठरवू द्या. बसून राहण्याचा वेळ वाढेल म्हणून चांगली गादी आणि दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलण्याची सवय तेवढी लावा.

घरातही एक गोष्ट तपासून पाहा. तिच्या वाट्याला घरकामातले नेमके कोणते काम आहे? या मुलांचे भाऊ-बहीण जी कामे सहज करतात, ती त्यांना सांगितलीच जात नाहीत, कारण वेळ लागतो, सांडते, आणि आपल्यालाच कीव येते. कपड्यांच्या घड्या घालणे, ताटे-वाट्या मांडणे, स्वतःची बॅग भरणे, दुकानात पैसे देऊन सुटे मोजून घेणे, ही कामे तिच्याकडे सोपवा. हिशेब तिला कठीण जात असेल, कारण गणित हा या मुलांचा नेहमीचा कच्चा दुवा असतो, तरीही सुटे तिलाच मोजू द्या. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिला प्रश्न तिला विचारला जावा असे आधीच सांगून ठेवा, आणि काही मिनिटे तुम्ही खोलीबाहेर थांबा. आपल्या आजाराचे नाव, शंट कोणत्या बाजूला आहे, ॲलर्जीच्या धोक्यामुळे लेटेक्सच्या (रबरी) वस्तू का टाळायच्या, हे तिला स्वतःला सांगता यायला हवे. वर्गातल्या मुलांना किती सांगायचे हे मात्र तिचे तिनेच ठरवावे. दोन वाक्यांचे तयार उत्तर बहुतेकदा पुरते : "माझ्या पाठीच्या कण्याचा एक भाग जन्माआधी नीट बंद झाला नव्हता, म्हणून पायांना कमी कळतं. संसर्गजन्य नाही, आणि तुम्ही विचारलंत तरी चालतं." लघवीची गोष्ट एखाद्या विश्वासाच्या मैत्रिणीखेरीज कोणालाही सांगायची गरज नाही.

मुले अंग काढून घेऊ लागली की आपण सगळे खापर स्वभावावर किंवा वयावर फोडतो. तसे करण्यापूर्वी एवढे पाहा की ती पूर्वी जे करत होती ते आता करेनाशी झाली आहे का. डोकेदुखी, उलट्या, गुंगी, नजर अंधुक होणे, किंवा अभ्यासात आणि लक्षात ठेवण्यात अचानक घसरण ही शंट नीट काम करत नसल्याची लक्षणे असू शकतात. डोकेदुखी, उलट्या आणि गुंगी एकत्र दिसली तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. उंची वेगाने वाढण्याच्या या वयात मज्जारज्जू खालच्या बाजूला ओढला जाण्याची शक्यता असते. पाठदुखी, चालण्यात बदल, पाठीला बाक येणे किंवा लघवीच्या सवयीत बदल दिसला तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. अशा बदलांना आळस म्हणणे मुलावर फार अन्याय करणारे ठरते.

आणि सहल. हट्ट धरू नका, आणि "बरं, राहू दे" म्हणून विषयही मिटवू नका. तिच्यासमोर "जायचं की नाही" हा एकच मोठा प्रश्न आहे, त्याचे लहान प्रश्न करून द्या. राहण्याच्या जागेच्या स्वच्छतागृहाचे आणि दारांचे फोटो शिक्षकांकडून मागवा आणि तिच्याबरोबर बसून पाहा. कोणाच्या खोलीत राहायला आवडेल, रात्री कॅथेटर कधी आणि कोणत्या खोलीत करायचा, अंथरुणावर घालायचे जलरोधक कापड आणि जास्तीचे कपडे कोणत्या पिशवीत असतील, गरजेपेक्षा दुप्पट कॅथेटर कुठे ठेवायचे, हे सारे तिने कागदावर लिहावे. बरोबर जाणाऱ्या एका शिक्षिकेला शंटची धोक्याची लक्षणे, लेटेक्सविषयीची सूचना आणि तुमचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून द्या, आणि त्या शिक्षिकेचे काम तेवढेच आहे, बाकीचे ती स्वतः करेल, हेही त्यात लिहा. त्याआधी मावशीकडे किंवा आत्याकडे तिने एक रात्र तुमच्याशिवाय राहून पाहावे. तिथे काही ओले झाले, काही विसरले, तर त्यातून सहलीच्या यादीत एक ओळ वाढेल, आणि ती तिने स्वतः शोधलेली ओळ असेल.

सहलीला अजून काही आठवडे असतील, तर कॅथेटर स्वतः घालणे तेवढ्यात पूर्ण जमेलच असे नाही. तसे झाले तर ज्या भागात मदत लागेल तेवढ्यापुरती एक प्रशिक्षित मदतनीस बाई बरोबर द्यावी, तुम्ही स्वतः जाऊ नये, आणि ती कोण असावी हे लेकीला निवडू द्यावे. एवढी सगळी तयारी झाल्यावरही ती नाही म्हणाली, तर तो नकार विचारपूर्वक दिलेला असेल आणि तुम्ही तो मान्य करावा. मग त्याच दोन दिवसांत तिच्या निवडीच्या एखाद्या मुलीला घरी राहायला बोलावता येईल.

तुमच्या प्रश्नाचा एक भाग तुमच्याविषयीही आहे, जरी तुम्ही तसे लिहिलेले नाही. बारा वर्षे दर तीन-चार तासांनी घड्याळाकडे पाहणाऱ्या बाईला एकदम "तू आता येऊ नकोस" असे सांगितले, तर तिचा जीव कासावीस होणार. म्हणून हे टप्प्याटप्प्याने करा. पहिले काही दिवस शाळेत जा, पण स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर थांबा. मग शाळेच्या फाटकापाशी थांबा. मग घरी थांबा आणि "झालं" एवढा निरोप येण्याची वाट पाहा. निरोप आला नाही म्हणून लगेच धावत जाऊ नका. अर्धा तास थांबून शाळेला दूरध्वनी करा, कारण ती बहुधा विसरलेली असेल, आणि विसरल्यावर काय होते हे तिला एकदा अनुभवायला मिळणेही गरजेचे आहे. या आठवड्यात एवढेच करा : वर्गशिक्षिकांची भेट ठरवा, लेकीला बरोबर न्या, आणि तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांच्या परवानगीचे बोलणे तिलाच करू द्या.